आठ मिशांचा मासा

ज्या दिवशी माझ्या आत्याला भर मांडवात “बाई, खाली बसा” म्हणून गप्प केलं, त्या दिवशी मी तिच्यापासून चार पावलांवर उभा होतो. हातात पाहुण्यांच्या गळ्यात घालायचे गमछे होते. मी शाळेचा गणिताचा मास्तर. नोकरदार माणसाला अशा ठिकाणी तोंड उघडायची सोय नसते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. सोय होती. हिंमत नव्हती. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी ज्यांच्या नावाने बोटं मोडणार आहे त्यांच्यात मीही येतो.

आत्याचं नाव ओपेत जामोह. आमचं गाव पोरुंग, सियांगच्या खोऱ्यात, डोंगर जिथे सपाटीला टेकायला येतात तिथे. गावाखालून सिताक वाहते. पावसाळ्यात तिला नदी म्हणायचं, एरवी मोठा ओढाच. वर खडकांतून धावत येते आणि आमच्या भातखाचरांपाशी पोचली की डोहाडोहांनी सुस्तावते. आत्या लग्न करून पलीकडच्या गावी गेली होती. पंचविशीत असताना दरड कोसळून तिचा नवरा गेला, आणि दोन लहान मुलींना घेऊन ती माहेरी परत आली. माझ्या वडिलांनी तिला शेजारीच घर उभारून दिलं, खाचराचा तुकडा दिला. पण तिने मुलींना वाढवलं ते सिताकच्या जिवावर.

उजाडलं की गाले, म्हणजे कमरेला गुंडाळायचं आमचं वस्त्र, गुडघ्यापर्यंत खोचून, कमरेला टोपली बांधून ती पाण्यात उतरायची. दगडाच्या खालच्या अंगाला वेताची जाळी धरायची आणि दुसऱ्या हाताने दगड उलटायचा. दगडाखालचा मासा प्रवाहाबरोबर घसरून जाळीत. चुलीवरच्या माचीवर धुरात वाळवलेले मासे दर आठ दिवसांनी खालच्या बाजारात. तीस वर्षं हेच.

आमच्या ओढ्यात दगडाला धरून राहणारे बिनखवल्यांचे, मिशावाले मासे चार जातींचे. बाहेरच्या माणसाला चौघे सारखेच दिसतात. बोटभर ते वीतभर लांबी, मातकट पाठ, चपटं डोकं, मिशा. लहानपणी मीही फसायचो. आत्या टपली मारायची.

“पाठ काय बघतोस? पाठ सगळ्यांची चिखलाची. उलटा कर. छाती बघ.”

छाती बघितली की सगळं उलगडायचं. एकाच्या छातीवर आडव्या पट्ट्या असतात, लहानशी शिडी ठेवल्यासारख्या. हा शिडीवाला. दुसऱ्याच्या छातीवर बारीक तिरप्या घड्या, पानाच्या शिरांसारख्या, हा पानवाला. हे दोघेही छातीने दगड धरतात, पण शिडीवाला पाणी जिथे सगळ्यात जोरात आपटतं तिथे राहतो, पानवाला जरा आडोशाने. तिसऱ्याची छाती साफ. त्याचे पुढचे पंखच खालून चुणीदार आणि रुंद, तो पंखांनीच दगडाला मिठी मारतो. त्याला आम्ही पंख्या म्हणतो. चौथा मऊ, लांबट, वाळक्या गोट्यांच्या खाली ओलीत लपणारा. त्याच्याकडे चिकटायचं काहीच साधन नाही, म्हणून देवाने त्याला काटा दिलाय. त्याचं नाव डंख्या. आमच्या बोलीतली नावं वेगळी आहेत, अर्थ मात्र हेच.

आत्याला हे डोळ्यांनी बघावं लागत नसे. पाणी गढूळ असलं तरी अंगठा छातीवरून फिरवून ती सांगायची, “पानवाला. अंड्यांवर आलीय. सोडते.” अंड्यांवरची मादी तिने कधी टोपलीत टाकली नाही. बाळंतिणीला पानवाला द्यायचा, पंख्या द्यायचा नाही, अशीही तिची पद्धत होती, आणि बाजारातल्या बायका डोळे झाकून तिच्याकडून घ्यायच्या. एकदा शेजारच्या फळीवरच्या बाईने पंख्या आणि पानवाला एकत्र मिसळून पहिलटकरणीच्या आईला विकले. आत्या उठून गेली आणि त्या टोपलीतले मासे एकेक करून फळीवर उताणे मांडत म्हणाली, “हे बघ. तुझी सून उद्या बाळंत झाली तर तिलाही असंच खिचडी करून घालशील का?” ती बाई चिडली, मग हसली, मग तिने पैसे परत दिले.

अशी ही बाई. अक्षरओळख नाही, सही अंगठ्याने. पण चार जातींत तिची चूक झालेली मी पाहिली नाही.

सहा वर्षांपूर्वी ‘गाव तिथे मासा’ नावाची योजना आली. कुणाची, कुठून, ते मला आजही नीट समजलेलं नाही. खालच्या शहरातल्या एका संस्थेकडे तिचं काम होतं आणि मिबोम साहेब त्याचा प्रमुख होता. आमच्याच डोंगरातला माणूस, पण लहानपणापासून शहरात शिकलेला. सिताकच्या काठावर मांडव उभा राहिला. रंगीत कनात, खुर्च्या, भोंगा, पोरींचा नाच. दगडावर नाव कोरून आणलेलं होतं: स्थानिक मत्स्यसंवर्धन. दोन गाड्यांतून हवा भरलेल्या फुगीर पिशव्या उतरल्या. आत बोटभर लांबीची काळपट पिल्लं वळवळत होती.

“हा आपला स्थानिक मांगूर,” मिबोम साहेब भोंग्यात सांगत होता. “आपल्या नद्यांमधून नाहीसा होत चाललेला मासा आज आपण परत आणतोय.”

आत्या पुढच्या रांगेत जमिनीवर बसली होती. ती उठली, पिशव्यांपाशी गेली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने एका सुटलेल्या पिशवीत हात घातला. दोन बोटांत एक पिल्लू धरलं. अंगठा डोक्यावरून मागे नेला, मानेपाशी थांबवला, परत नेला. मला तिचा तो अंगठा चांगला ओळखीचा होता.

“हा आपला नाही,” ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. मिबोम साहेबाने भोंगा खाली घेतला. “काय म्हणता, बाई?”

“हा मांगूर आपल्याकडचा नाही. आपल्या मांगूरचं डोकं मागे टोकाला जातं, भाल्यासारखं. मी दर बाजाराला बघते. याचं मागून पसरलंय. आणि समजा, आपला असता तरी काय? मांगूर दलदलीतला. त्याला डोंगराच्या पाण्यात कशाला टाकता? तो खाली डोहात बसेल, खाचरात शिरेल. खाईल काय?”

मिबोम साहेबाने हातातलं पुस्तक उघडलं. पातळ, रंगीत चित्रांचं पुस्तक. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. “खवले नाहीत. मिशा आठ. मांगूर.” मग त्याने पिल्लाच्या मिशा मोजून दाखवल्या. “मोजा. आठ.”

“साहेब, आठ मिशा माझ्या ओढ्यातल्या चारही जातींना आहेत,” आत्या म्हणाली. “मिशा मोजून ओळखायला लागलास तर आमचा गावबुढा आणि माझा बोका तुला एकच वाटतील.”

मांडव खदखदून हसला. गावबुढा, म्हणजे आमचा गावप्रमुख, तापुम लाल कोट घालून पहिल्या खुर्चीवर बसला होता, तोसुद्धा मिशांवरून हात फिरवत हसला. मिबोम साहेबाचा चेहरा मात्र उतरला. पाहुणे समोर होते, फोटोवाला होता. तो म्हणाला, “बाई, मिशा मोजता तरी येतात का तुम्हाला? शिकलेल्या माणसांचं काम चाललंय. खाली बसा.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी गमछ्यांच्या घड्या सारख्या केल्या.

ती खाली बसली. पिशव्या फुटल्या, पिल्लं पाण्यात गेली, टाळ्या वाजल्या. घरी परतताना ती माझ्याशी बोलली नाही, आणि पुढे कितीतरी दिवस बोलली नाही. माझ्या बायकोच्या हाती निरोप यायचे: मास्तरला सांग, छपराची तोकोची पानं बदलायला झालीत. मास्तरला सांग, कुंपण पडलंय. मी जाऊन करून यायचो. ती घरात असूनही बाहेर यायची नाही.

वर्ष उलटलं. भातखाचरांत पाणी होतं तेव्हा पहिला मोठा मांगूर सापडला, हातभर लांब, पोट फुगलेलं. गावात आनंदीआनंद. कारिक म्हणून आमचा एक भाऊबंद आहे, तोंडाचा फटकळ. तो मासा खांद्यावर टाकून मुद्दाम आत्याच्या घरावरून गेला. “ओपेतआत्या, बघितलास का परका पाहुणा? तुझे बोटभर मासे चघळून आमचे दात झिजले. हा एकटा घरभर पुरतो!”

“पोट फाडलंस का त्याचं?” तिने ओट्यावरून विचारलं.

“आतडी कुत्र्याला घालायची.”

“कुत्र्याला घालायच्या आधी मला दाखव.”

त्याने दाखवलं नाही. तेव्हा तिने स्वतः गळ लावले. तिसऱ्या दिवशी एक मिळाला. अंगणात केळीच्या पानावर ठेवून तिने तो उघडला आणि मुलीला पाठवून मला बोलावून घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी थेट बोलली.

“मास्तर, तुला मोजता येतं ना? मोज.”

पोटात बेडकाचे पाय होते, खेकड्याची कवचं होती आणि अर्धवट जिरलेले मासे होते. डोकी विरघळलेली, पाठी गळालेल्या. कुणालाही तो नुसता लगदा वाटला असता. आत्याने एकेक तुकडा पाण्यात हलकेच धुतला आणि उताणा ठेवला. छातीची कातडी जाड असते, ती उशिरा जिरते. “शिडी,” ती म्हणाली. “ही पण शिडी. हे पान. हा डंख्याचा काटा, हात लावू नको. पान. पान.” मी मोजले. ओळखू येणारे अकरा. एका माशाच्या पोटात, एका दिवसाचे.

मी म्हणालो, “आत्या, त्या दिवशी मी...”

“ते राहू दे. ऑफिसात जायचंय. लिहायला तू लागशील.”

आम्ही तीन वेळा गेलो. सामायिक सुमोत चार तास जाणं, चार तास येणं. पहिल्यांदा मिबोम साहेब भेटला नाही. खिडकीवरच्या कारकुनाने तक्रारीचा कागद पुढे सरकवला आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. “इथे माशाचं शास्त्रीय नाव लिहा. त्याशिवाय घेता येत नाही.”

मी आत्याला सांगितलं. ती खिडकीत वाकली.

“बाळा, नदीत सोडला तुम्ही. सोडताना नाव लिहिलंच असेल ना? ते वाचून दाखव, मास्तर उतरवून घेईल.”

कारकुनाने खरंच वही काढली. “स्थानिक मांगूर,” त्याने वाचलं.

“मग लिही, मास्तर. स्थानिक मांगूर नसलेला मासा.”

“असं नाव चालत नाही, मावशी.”

“त्याचं चाललं, ते खोटं असून. माझं खरं आहे तर चालत नाही?”

कागद घेतला नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही पोटातले तुकडे दारूत घालून काचेच्या बरणीत नेले. बरणी टेबलावर ठेवू दिली नाही, वास येतो म्हणून. वास आमच्या तांदळाच्या दारूचा होता आणि तो, खात्रीने सांगतो, त्या ऑफिसात नवा नव्हता.

तिसऱ्या खेपेला आत्याने काय केलं ते मला वाटेत सुमोत कळलं. तिने परक्या मांगूरचं डोकं उकळून, मांस काढून, हाड स्वच्छ धुऊन घेतलं होतं. खालच्या बाजारातून दलदलीचा आपला मांगूर विकत आणून त्याचंही तसंच केलं होतं. मिबोम साहेब त्या दिवशी खोलीत होता. तिने ओच्यातून पानाची पुडी काढली आणि दोन कवट्या त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आपल्या मांगूरची मागची बाजू एका टोकाला निमुळती झालेली. परक्याची रुंद, तीन उंचवट्यांची. शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही फरक दाखवता आला असता.

मिबोम साहेब पुढे झुकला. त्याने पेन्सिलीने एक कवटी वळवली, मग दुसरी. तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला, आणि त्याला कळलं होतं. या माणसाच्या अडाणीपणाची मी कीव केली असती, पण तो अडाणी नव्हता. त्याला त्या क्षणी सगळं कळलं होतं. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली.

“हाडांवरून असं काही ठरत नसतं,” तो म्हणाला. “आम्ही तपासणी करू.”

“कधी?”

“कळवू.”

दोन महिन्यांनी कळवलं. आमच्या सभाघराच्या खांबावर नोटीस चिकटवली गेली. सिताक नदीत परक्या जातीचा घातक मांगूर आढळला असून तो ग्रामस्थांनी बाहेरून आणून सोडल्याचे तपासणीत दिसून येते. स्थानिक माशांच्या रक्षणासाठी पोरुंग गावच्या हद्दीत टोपल्या, सापळे आणि प्रवाह वळवून मासेमारी करण्यास बंदी घालण्यात येत आहे. खाली सही, शिक्का.

मी ती दोनदा वाचली. मासा घातक आहे हे आता त्यांनाच मान्य होतं. परका आहे, हेही. म्हणजे आत्याचा शब्द न् शब्द त्यांनी उचलला होता आणि दोष मात्र तिच्याच गावाच्या डोक्यावर ठेवला होता. शिवाय ज्या टोपल्यांनी आणि सापळ्यांनी तो मासा काढता आला असता, त्यांवरच बंदी! नाव कोरलेला त्यांचा दगड काठावर उभा होता, त्याच्यावर तारीख होती, आणि गावावर आरोप होता.

केबांग भरला. केबांग म्हणजे आमची गावसभा, तिथे निवाडा होतो तो सगळ्यांसमोर. तापुम बुढा मध्ये बसला. मी नोटीस मोठ्याने वाचली आणि आमच्या बोलीत समजावून सांगितली. सुरुवातीला सगळे एकदमच बोलायला लागले. मग कारिक उठला.

“राग मलाही आलाय. पण मासा काढायचा कशाला? आला तो आला. मोठा आहे, चवीला बरा आहे. ऑफिसाशी भांडण लावून घ्यायचं आणि वर ताटातला मासाही घालवायचा?”

बऱ्याच जणांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर गावातली निम्मी माणसं त्याच्यासारखाच विचार करत होती.

आत्या उठली. तिने चार मांगूर पकडून आणले होते, जिवंत, पाण्याच्या पिंपात. सगळ्यांसमोर तिने ते मारले, फाडले आणि पोटातलं एकेक काढून बांबूच्या चटईवर उताणं मांडत गेली. घाई केली नाही. रांग वाढत चालली. शिडी, पान, पान, पंख्या, शिडी. चटई संपली तेव्हा तिने कारिककडे बघितलं.

“तू म्हणतोस हा एकटा घरभर पुरतो. बघ, किती जण पुरलेत त्याला. आणखी तीन वर्षांनी या ओढ्यात फक्त हाच असेल. मग हा काय खाईल? स्वतःचीच पोरं. मग तुझ्या ताटात काय येईल ते तूच सांग.”

कारिक चटईपाशी येऊन उकिडवा बसला. मग एक तुकडा उचलून त्याने विचारलं, “ही शिडी ना?”

“हो.”

“लहानपणी पोतंभर मिळायचे हे,” तो म्हणाला.

तेव्हा मी उभा राहिलो. मी सांगितलं की मासे कोणी सोडले ते मी चार पावलांवरून बघितलंय, आत्याने त्याच वेळी सांगितलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो. हे मी लिहून देतो, सही करतो. तापुम बुढ्याने मला कागद दिला. मी लिहिलं. गावातल्या सगळ्यांनी खाली सह्या केल्या, अंगठे उमटवले. पहिला अंगठा आत्याचा.

केबांगचा निवाडा असा झाला: बंदी मानायची नाही. पाणी उतरलं की ओढ्याचा फाटा वळवून डोह उपसायचे, मांगूर काढायचे, आपले मासे परत सोडायचे. ऑफिसला तसं कळवायचं, म्हणजे लपून केलं असं कुणी म्हणायला नको.

थंडीत, पाणी गुडघ्याखाली आलं तेव्हा, आम्ही तीन दिवस राबलो. बांबू, दगड, केळीचे सोप आणि चिखल घालून फाटा वळवला. डोह उपसले. दोनशे माणसं पाण्यात, आणि काठावर उंच दगडावर आत्या. हातात मासा आला की माणूस तिच्याकडे उताणा करून दाखवायचा.

“आत्या, हा?”

“शिडी. सोड वरच्या पाण्यात.”

“हा?”

“पान. सोड.”

“हा मऊ-मऊ, काय डसला मला!”

“डंख्या. तुला सांगितलं होतं मुठीत धरू नको. सोड, आणि रडू नको.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणसं तिला विचारायची थांबली. स्वतःच छाती बघायची, स्वतःच नाव घ्यायची. ज्यांनी आयुष्यभर हे मासे नुसते खाल्ले होते तेही म्हातारे एकमेकांना शिकवत होते. कारिक सगळ्यात मोठ्याने. आत्या दगडावर बसून ऐकत होती. चुकलं तरच बोलायची.

मांगूर निघाले एकशे त्रेचाळीस. सगळ्यात मोठा माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत. खालचे दोन डोह मात्र उपसता आले नाहीत, फार खोल. तिथले राहिले. हे लपवण्यात अर्थ नाही. आजही दर थंडीत आम्ही काढतो, दर थंडीत चाळीस-पन्नास निघतात. शिडीवाला आणि पंख्या वरच्या अंगाला पुन्हा बऱ्यापैकी दिसतात. पानवाला कमी. डंख्या गावाच्या खाली चार वर्षांत कुणालाही मिळालेला नाही.

मला शाळेतून खुलासा मागणारं पत्र आलं, नोटिशीविरुद्ध गावाला चिथावल्याबद्दल. मी खुलासा एका पानाचा लिहिला आणि त्यावर दोन्ही कवट्यांची चित्रं काढली. उत्तर आलं नाही. मिबोम साहेबाची बदली झाली, ती वरच्या जागेवर. नोटीस कुणी मागे घेतली नाही. ती पावसाने आपोआप गळून पडली. गावाची कुणी माफी मागितली नाही, आत्याची तर नाहीच. लोक मला म्हणतात, मास्तर, एवढं जुनं झालं, सोड आता. मी का सोडू?

गेल्या वर्षी तिगिर गावाहून कुणीतरी सांगत आलं की तिथेही मांडव उभा राहतोय. तिगिर पलीकडच्या खोऱ्यात आहे, त्यांचा ओढा वेगळा. आत्याने मला वर्गातून बोलावून घेतलं. आम्ही सुमो पकडली. पोचलो तेव्हा गाडीतून निळी पिंपं उतरत होती. आत्या चालत गेली आणि एका पिंपाच्या झाकणावर बसली. गुडघे दुखायला लागल्यापासून ती बसली की पटकन उठत नाही, आणि त्या दिवशी तिला उठायचंही नव्हतं.

या वेळी संस्थेची प्रमुख एक तरुण बाई होती, यानुंग मॅडम. कार्यक्रम अडला म्हणून लोक ओरडायला लागले. मॅडमने सगळ्यांना थांबवलं आणि आत्यासमोर वाकून विचारलं, “आजी, काय अडचण आहे?”

“एक मासा माझ्या हातावर दे.”

पिंप उघडलं. पिल्लं या वेळी जरा मोठी होती. आत्याने अंगठा फिरवला. मग तिने मॅडमचा हात धरला, तिचा अंगठा त्या माशाच्या मानेवर ठेवला आणि मागे नेला. “लागतंय का? पसरट. एक, दोन, तीन. आपल्याचं एकच टोक असतं.”

मॅडमने परत अंगठा फिरवला. आणखी एक मासा काढायला सांगितलं. तोही तपासला. ती बराच वेळ फोनवर कुणाशी तरी बोलली, आवाज चढवून. मग म्हणाली, “पिंपं परत गाडीत घाला.”

मला वाटलं, झालं. आयुष्यात एकदा तरी झालं. लोकांनी मॅडमला चहा दिला, आत्याला बसायला पाट दिला. पिंपं चढत होती. आत्या लंगडत गाडीपाशी गेली आणि चालकाला विचारलं, “हे आता कुठे नेणार?”

चालक दोर आवळत होता. “वरच्या गावाला, आजी. यादीत पुढे तेच आहे. तिथे बारा वाजताचा कार्यक्रम.”

मॅडमच्या हातून कप सुटला. तिला खरंच माहीत नव्हतं, एवढं मी तिच्यासाठी मान्य करतो. ती गाडीकडे धावली. चालक म्हणत होता, मला शहरातून फोन आलाय, मी तुमचं ऐकू की त्यांचं?

आत्याने तोवर माझ्या खिशातून माझा फोन काढला होता. “त्या गावात तुझा कोण मास्तर आहे?”

“लोमिर आहे.”

“लाव त्याला.”

मी लावला. तिने फोन कानापाशी उलटा धरला, मी सरळ केला. पलीकडून हॅलो आल्याबरोबर ती इतक्या जोराने ओरडली की रस्त्यावरची कोंबडी उडाली.

“कोण लोमिर? मी पोरुंगची ओपेत. तुमच्याकडे एक गाडी येतेय. पिंपं उतरू देऊ नको. काय? साहेब आलाय? येऊ दे. तुमच्याकडे म्हाताऱ्या बायका किती आहेत? सगळ्यांना बोलाव. प्रत्येकीला एकेका पिंपावर बसव. मी येतेय, तोवर कुणी उठायचं नाही.”